बंद म्हणजे नक्की किती बंद?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला आणि घराघरातल्या कित्येक धडधाकट मशिन्सवर एका रात्रीत ‘रिटायर्ड’ असा शिक्का बसला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हवं, प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा हवा. नवा लॅपटॉप घ्यायचा, तर ईएमआयची रांग आधीच लागलेली! अशा वेळी ऑफिसातला एखादा गीक मित्र पुढे सरसावतो. ‘अरे, लिनक्स टाक ना राव!’ मग पेन ड्राइव्हवरून उबुंटू नाहीतर मिंट येतं, चहा पिऊन होईपर्यंत इन्स्टॉल होतं. वाय-फाय चालतं, ब्राउझर चालतो, गाणी वाजतात. फुकटात नवं कोरं मशीन. आपण जाम खूश!

आणि मग रात्री आपण ‘शट डाऊन’वर क्लिक करतो. स्क्रीन काळी होते. लोगो गोल गोल फिरतो. पाच मिनिटं होतात, दहा होतात. पंख्याची घरघर चालूच, लाइट लागलेलाच. मशीन बंदही होत नाही आणि चालूही राहात नाही. नुसता वैताग!

यावर आपल्या सगळ्यांचा एकच रामबाण उपाय असतो. पॉवरचं बटण दाबून धरायचं, जीव गेला की सोडायचं. काम फत्ते. पण दोस्तहो, तेवढं करण्याआधी फक्त पाच सेकंद थांबा आणि स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचा. कारण हे बटण दाबणं कधी अगदी निरुपद्रवी असतं, तर कधी आठवडाभराच्या कामावर पाणी फिरवणारं. आपण त्यातल्या कुठल्या बाजूला आहोत, हे ती एक ओळ सांगते. आज तोच फंडा क्लिअर करू या. त्यासाठी इंजिनीअर असायची अजिबात गरज नाही.

बटण होतं, मग बटण राहिलं नाही

नव्वदच्या दशकात शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसलेल्यांना विंडोज 95 ची ती काळी स्क्रीन आठवत असेल. नारिंगी अक्षरांत लिहून यायचं की आता तुम्ही कॉम्प्युटर खुशाल बंद करू शकता. मग सर सांगायचे आणि आपण डब्याचं बटण ‘खट्ट’ करून दाबायचो. (हो, त्या अख्ख्या डब्याला आपण सगळे ‘सीपीयू’च म्हणायचो!) ते बटण म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटच्या बटणासारखंच अस्सल बटण होतं. दाबलं की वीज तुटायची. कॉम्प्युटरला स्वतःला बंद करण्याचा अधिकारच नव्हता. तो फक्त आवराआवर करायचा आणि तुमच्या बोटाची वाट बघायचा.

1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचा नवा साचा आणला आणि हे चित्र पालटलं. एटीएक्स मशीनचं पुढचं बटण वीज तोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त एक निरोप देतं. मदरबोर्ड आणि एसएमपीएस यांच्यामध्ये एक हिरवी वायर असते. मदरबोर्डने ती खाली खेचून ठेवली की एसएमपीएस चालू, सोडून दिली की बंद. म्हणजे मशीन ‘बंद’ असलं तरी कोणीतरी जागं राहून तुमच्या बटणाची वाट बघत असायला हवं. त्यासाठी जांभळ्या वायरीतून पाच व्होल्ट सतत येत राहतात. रात्री बंद केलेल्या पीसीच्या मदरबोर्डवर किंवा नेटवर्कच्या खोबणीपाशी मिणमिणणारा दिवा दिसतो ना, तो त्याच विजेवर.

थोडक्यात काय, तर 1995 नंतर ‘बंद करणं’ हे हाताचं काम राहिलं नाही, ते सॉफ्टवेअरचं काम झालं. आणि सॉफ्टवेअर म्हटलं की घोळ आलाच!

हिरवी वायर सोडायची कुणी?

हा अधिकार कुणाकडे, यावरून दोन जमाने झाले. पहिला जमाना एपीएमचा. 1992 मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ही पद्धत काढली. यात खरा मालक बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमध्ये बसलेला प्रोग्रॅम. ऑपरेटिंग सिस्टिमने फक्त विनंती करायची, ‘साहेब, आता बंद करा.’ दुसरा जमाना एसीपीआयचा. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने तो आणला. इथे उलटं झालं. मालक ऑपरेटिंग सिस्टिम. बायोसने फक्त काही तक्ते हातात द्यायचे. झोपायचं कसं, उठायचं कसं, पूर्ण बंद व्हायचं कसं, याची कृती त्या तक्त्यांत लिहिलेली. पूर्ण बंद होण्याच्या अवस्थेचं नाव ‘एस 5’. पाककृतीच्या पुस्तकासारखंच प्रकरण. पुस्तक मदरबोर्ड बनवणाऱ्याचं, स्वयंपाक ऑपरेटिंग सिस्टिमने करायचा.

आता पुस्तकातच मीठ लिहायचं राहिलं असेल तर? इथेच लिनक्सवाल्यांची गोची झाली. मदरबोर्ड कंपन्या हे तक्ते लिहायच्या, विंडोजवर चालवून बघायच्या, चाललं की माल बाजारात! लिनक्सवर तपासून बघायची तसदी फार थोड्यांनी घेतली. या वादाला एक भन्नाट फुटनोटही आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायक्रोसॉफ्टवर ‘कॉम्स विरुद्ध मायक्रोसॉफ्ट’ नावाचा खटला चालला होता. त्यात कंपनीचे अंतर्गत ई-मेल बाहेर आले. जानेवारी 1999 मधल्या एका मेलमध्ये खुद्द बिल गेट्स यांनी विचारलं होतं, की एसीपीआयचे विस्तार कसेतरी विंडोजपुरतेच ठेवता येतील का? मेहनत आपण आणि आपल्या पार्टनर्सनी करायची आणि लिनक्स मात्र आयतं मस्त चालायचं, हे त्यांना खटकत होतं. पुढे एसीपीआय खुलंच राहिलं. 2013 पासून त्याचा कारभार यूईएफआय फोरमकडे आहे.

यावर लिनक्सवाल्यांनी काढलेला तोडगाही तितकाच फिल्मी. बायोसचे तक्ते अधूनमधून विचारतात, ‘तू कोण? तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?’ लिनक्सचं कर्नल (हे फौजेतले नव्हेत, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बेधडक ‘हो’ म्हणतं! आणि ‘तू लिनक्स आहेस का?’ असं विचारलं तर 2007 पासून नेहमीच्या सेटिंगमध्ये चक्क ‘नाही’ म्हणतं. कारण साधं आहे. विंडोजसाठी लिहिलेला रस्ता कंपनीने तपासलेला असतो. लिनक्सच्या नावाने लिहिलेल्या रस्त्यावर कोणी फिरकलेलंही नसतं.

तीन जिने उतरायचे

आता आपल्या अडकलेल्या मशीनकडे येऊ. शटडाऊन म्हणजे एकच क्लिक असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते ऑफिस बंद करण्यासारखं असतं. आधी माणसं आपापलं काम आवरून बाहेर पडतात. मग एसी, प्रिंटर, झेरॉक्स मशीन बंद होतं. सगळ्यात शेवटी वॉचमन मेन स्विच खाली करतो. कॉम्प्युटरमध्येही हेच तीन टप्पे. पहिला, प्रोग्रॅम आणि सर्व्हिसेस आवरतात, फाइल्स डिस्कवर लिहून होतात. दुसरा, कर्नल एकेका हार्डवेअरचा ड्रायव्हर बंद करतं. तिसरा, कर्नल एसीपीआयच्या तक्त्यातली ‘एस 5’ची कृती करतं, मदरबोर्ड हिरवी वायर सोडतो आणि अंधार!

आपलं मशीन यातल्या कुठल्या जिन्यावर अडकलंय हे कळायला हवं. पण हल्लीच्या लिनक्सला नटायची हौस फार. सगळे मेसेज तो फिरणारा लोगो झाकून टाकतो. उबुंटूत शटडाऊन चालू असताना ‘एस्केप’ दाबून बघा, बहुतेक वेळा पडदा सरकतो आणि मागची खरी ओळींची यादी दिसते.

तेवढ्याने नाही दिसली, तर मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ‘ग्रब’चा मेनू आणा. हा ऑपरेटिंग सिस्टिम निवडायचा मेनू. पहिल्या नावावर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्या शेवटी ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. तेवढे खोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. घाबरू नका, हा बदल त्या एकाच खेपेपुरता असतो. मशीन पुन्हा सुरू केलं की सगळं जैसे थे.

आता शटडाऊन करा आणि शेवटची ओळ वाचा. मोबाइलने फोटो काढून ठेवलात तर उत्तमच.

पहिला जिना: कोणीतरी घरी जायला तयार नाही

‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ अशी ओळ दिसतेय आणि शेजारी सेकंद मोजले जाताहेत? मग तुमचं मशीन पहिल्याच जिन्यावर आहे. एखादी सर्व्हिस ‘आवर’ म्हटलं तरी आवरत नाहीये. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट या सगळ्यांत हा कारभार ‘सिस्टिमडी’ नावाच्या प्रोग्रॅमकडे असतो. 2010 मध्ये तो आला, फेडोराने 2011 मध्ये घेतला, डेबियन आणि उबुंटूने 2015 मध्ये. आडमुठ्या सर्व्हिसला तो साधारणपणे 90 सेकंदांची मुदत देतो आणि मग जबरदस्तीने बंद करतो. त्यामुळे इथे पहिलं औषध म्हणजे चक्क दीड-दोन मिनिटं थांबणं! काही सर्व्हिसेसची मुदत याहून जास्त असते, म्हणून सेकंदांपुढे लिहिलेली मर्यादाही वाचा.

ही मुदत बोअर होते म्हणून बटण दाबू नका. याच टप्प्यावर फाइल्स डिस्कवर लिहिल्या जात असतात. ‘पण आता एक्स्ट 4 मध्ये जर्नल असतं ना, काही बिघडत नाही,’ असं एखादा मित्र सांगेल. अर्धंच खरं आहे. जर्नल डिस्कचा ढाचा वाचवतं. त्या क्षणी अर्धवट लिहिलेली तुमची प्रेझेंटेशनची फाइल किंवा एखादा डेटाबेस पूर्ण वाचेलच, अशी गॅरंटी ते देत नाही.

रोजच हा तमाशा होत असेल, तर गुन्हेगार शोधा. मशीन पुन्हा सुरू करून टर्मिनल उघडा आणि ‘जर्नलसीटीएल -बी -1 -ई’ ही कमांड द्या (टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्मॉल अक्षरांत). मागच्या वेळी मशीन बंद होताना शेवटी काय काय घडलं, याचा पंचनामा समोर येतो. बऱ्याचदा नाव निघतं ते नेटवर्क ड्राइव्हचं. ऑफिसच्या सर्व्हरचं एखादं फोल्डर तुम्ही घरच्या मशीनला जोडून ठेवलेलं असतं. शटडाऊनच्या वेळी वाय-फाय आधी बंद होतं आणि ते फोल्डर ‘सर्व्हर कुठे गेला?’ म्हणत वाट बघत बसतं. उपाय सोपा. शटडाऊनच्या आधी ते फोल्डर स्वतः अनमाउंट करा. नाहीतर ज्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये त्याची नोंद आहे, तिथे ‘_नेटडेव्ह’ हा पर्याय लिहा. मग सिस्टिमला कळतं की याचं आवरल्याशिवाय नेटवर्क तोडायचं नाही.

काही जण सिस्टिमडीच्या सेटिंगमध्ये 90 चे 10 सेकंद करून मोकळे होतात. होतं काय, तर आडमुठ्या सर्व्हिसबरोबर प्रामाणिकपणे काम आवरणारीचाही गळा आवळला जातो. त्यापेक्षा दोषी सर्व्हिस शोधून तेवढीच सुधारणं केव्हाही बरं.

आणि स्क्रीन पूर्ण गोठलीच, माउस नाही, कीबोर्ड नाही, तर? तरीही चार सेकंद बटण दाबून धरणं हा शेवटचा पर्याय. कर्नलने तुमच्यासाठी एक चोरदरवाजा ठेवलेला असतो. ‘ऑल्ट’ आणि ‘सिस आरक्यू’ (बहुतेक कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनचंच बटण) दाबून ठेवा आणि सावकाश, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत, एस, यू, ओ ही अक्षरं दाबा. ‘एस’ म्हणजे मेमरीत अडकलेलं सगळं डिस्कवर लिही. ‘यू’ म्हणजे डिस्कला आता हात लावायचा नाही, नुसती वाचायला ठेव. ‘ओ’ म्हणजे ऑफ. उबुंटूच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ही तिन्ही अक्षरं चालतात. न सेव्ह केलेलं डॉक्युमेंट यानेही परत येणार नाही, पण डिस्क तरी धड राहते.

दुसरा जिना: प्रिंटर बंद होईना

स्क्रीनवर ‘पॉवरिंग ऑफ’ असं येऊन गेलं, पण पुढे काहीच नाही? मग पहिला जिना उतरून झालाय. डिस्क व्यवस्थित बंद झाली आहे. आता कर्नल एकेका हार्डवेअरला ‘झोप’ म्हणतंय आणि एक ड्रायव्हर उत्तरच देत नाहीये.

इथली डिटेक्टिव्हगिरी तुम्हाला स्वतःला करता येते. आधी यूएसबीला लोंबकळणारं सगळं काढा. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, डाँगल, हब, वेबकॅम. आता बंद करून बघा. झालं? मग एकेक वस्तू परत लावत जा, चोर सापडेलच. नाही झालं, तर पुढचा संशयित ग्राफिक्स कार्ड. लॅपटॉपमध्ये दोन-दोन ग्राफिक्स चिप असतील तर संशय आणखी दाट. उबुंटू आणि मिंटमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ नावाचा मेनू असतो. तिथून ड्रायव्हर बदलून पाहा.

तिसरा प्रयोग कर्नल बदलण्याचा. ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुनी कर्नल्स जपून ठेवलेली असतात. मागच्या आठवड्यापर्यंत मशीन नीट बंद होत होतं आणि अपडेटनंतर बिघडलं, असं असेल तर जुनं कर्नल निवडा. त्यावर नीट बंद झालं तर दोष तुमच्या मशीनचा नाही, नव्या कर्नलचा. पुढच्या अपडेटपर्यंत जुन्यावरच राहा. ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा इन्स्टॉल करायची काही गरज नाही.

तिसरा जिना: वॉचमन मेन स्विचपाशी झोपला

आता सगळ्यात गमतीदार केस. स्क्रीनवर शेवटची ओळ आहे ‘रीबूट: पॉवर डाऊन’ आणि मशीन मात्र ढिम्म. बरेच जण ‘रीबूट’ शब्द वाचून दचकतात. आपण बंद कर म्हटलं आणि हे रीबूट का करतंय? तसं काही नाही. बंद करण्याचा कोड कर्नलच्या ‘रीबूट’ नावाच्या फाइलमध्ये असतो, म्हणून ओळीच्या सुरुवातीला ते नाव येतं, इतकंच.

ही ओळ दिसली की सुटकेचा निःश्वास टाका. कारण लिनक्सने आपलं काम संपवलंय. फाइल्स लिहून झाल्या, डिस्क बंद झाली, ड्रायव्हर झोपले. फक्त हिरवी वायर सुटली नाही. इथे बटण चार सेकंद दाबून धरलंत तर डेटाचं काहीही बिघडत नाही. तेच बटण, तीच चार सेकंदं. पहिल्या जिन्यावर धोका, इथे काही नाही!

पण रोज रोज कोण बटण दाबणार? म्हणून कारणं बघू. पहिलं कारण ऐकून हसू येईल. इन्स्टॉल करताना मशीन सुरूच होत नव्हतं, म्हणून कुणीतरी ग्रबच्या त्या लांबलचक ओळीत ‘एसीपीआय=ऑफ’ लिहायला सांगितलेलं असतं. इन्स्टॉल झालं, सगळे खूश, शब्द तिथेच राहिला. आता एसीपीआयच बंद केलंय म्हटल्यावर ‘एस 5’ची कृती वाचणार कोण? तपासायला टर्मिनलमध्ये ‘कॅट’ कमांडने ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीएमडीलाइन’ ही फाइल वाचा. त्यात हा शब्द दिसला, तर ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधली ‘ग्रब’ नावाची फाइल उघडून तो काढा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. त्याआधी ग्रबच्या मेनूत एका खेपेपुरता काढून बघा, म्हणजे त्याच्याशिवाय मशीन सुरू होतं की नाही ते कळेल. एसीपीआय बंद ठेवण्याचे तोटे शटडाऊनपुरते नसतात. लॅपटॉपची बॅटरी किती उरली हेही मग दिसत नाही.

दुसरं कारण शब्दांचा घोळ. शेवटची ओळ ‘सिस्टिम हॉल्टेड’ अशी असेल, तर मशीनने तुमचं तंतोतंत ऐकलंय! ‘हॉल्ट’ म्हणजे थांब, ‘पॉवरऑफ’ म्हणजे थांबून वीजही घालव. सिस्टिमडीच्या राज्यात नुसतं ‘हॉल्ट’ लिहिलं की मशीन थांबतं आणि चालूच राहतं. जुन्या पुस्तकातून किंवा जुन्या स्क्रिप्टमधून उचललेली कमांड असेल, तर तिथे ‘पॉवरऑफ’ लिहा. एका शब्दाने काम होतं.

तिसरं कारण बायोसचा बग. पुस्तकातलं राहिलेलं मीठ! यावर खरा इलाज कंपनीने दिलेलं बायोस अपडेट. हल्ली बऱ्याच कंपन्यांची अपडेट्स लिनक्समध्ये ‘एफडब्ल्यूअपडी’ या प्रोग्रॅममधून थेट मिळतात. मात्र बायोस अपडेट करताना लॅपटॉप चार्जरला आणि पीसी यूपीएसवर हवाच. मध्येच लाइट गेले, तर मशीन पुन्हा सुरू करायलाही रिपेअरवाल्याकडे न्यावं लागेल.

माळ्यावरचं जुनं पेंटियम काढून त्यावर लिनक्स टाकायचा छंद असेल, तर तुमचा प्रॉब्लेम वेगळा. जुन्या कर्नल्समध्ये ठरावीक वर्षाच्या आधीचा बायोस दिसला की एसीपीआय आपोआप बंद ठेवायची सोय होती, कारण सुरुवातीच्या काळातले तक्ते चुकांनी भरलेले असायचे. ग्रबच्या ओळीत ‘एसीपीआय=फोर्स’ लिहिलं की ते जबरदस्तीने चालू होतं. तेही नाही जमलं तर जुना एपीएम. एपीएम एकाच प्रोसेसरच्या हिशेबाने बनलेलं होतं. त्यामुळे दोन प्रोसेसरसाठीचं कर्नल ते बंद ठेवायचं, पण ‘एपीएम=पॉवर-ऑफ’ लिहिलं की निदान शटडाऊनपुरती परवानगी मिळायची. 2000 च्या दशकातल्या लिनक्सवाल्यांना हा मंत्र तोंडपाठ होता.

झोपला आणि लगेच उठला!

काही मशिन्सचा नखरा याच्या अगदी उलट. नीट बंद होतात आणि दोन सेकंदांत आपोआप पुन्हा सुरू! भुताटकी वगैरे काही नाही. जांभळ्या वायरीवर जागं असलेलं कोणीतरी मशीनला हाक मारतंय. बहुतेक वेळा ते नेटवर्क कार्ड असतं, नाहीतर यूएसबीचा माउस किंवा कीबोर्ड. बायोसमध्ये जाऊन ‘वेक ऑन लॅन’ आणि यूएसबीने उठण्याचे पर्याय बंद करून बघा. तिथेच काही मदरबोर्डवर ‘ईआरपी’ नावाचा पर्याय असतो. युरोपियन युनियनच्या 2008 च्या नियमामुळे बंद उपकरणांनी किती वीज खायची यावर मर्यादा आली. 2010 पासून एक वॉट, 2013 पासून अर्धा वॉट. त्यासाठी हा पर्याय आला. तो चालू केला की बंद मशीनमध्ये जवळजवळ कोणीच जागं राहात नाही आणि आपोआप उठण्याची कटकटही बऱ्याचदा मिटते.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेल्यांसाठीही एक सूचना. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आलंय. ते चालू असेल तर विंडोजचं शटडाऊन पुरतं शटडाऊन नसतंच. सिस्टिमचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवलेला असतो. मग लिनक्समध्ये आलात की विंडोजचा ड्राइव्ह नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही, किंवा उघडतच नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, नाहीतर दोन सिस्टिम्सच्या भांडणात फाइल्सचा जीव जाईल.

एवढी उठाठेव कशासाठी?

‘जाऊ दे ना, राहिला चालू तर राहिला,’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. शुक्रवारी संध्याकाळी सातला ‘शट डाऊन’ क्लिक करून तुम्ही निघालात आणि मशीन अडकलं. सोमवारी सकाळी नऊला परत आलात. झाले 62 तास. अडकलेलं मशीन समजा 60 वॉट खातंय, तर पावणेचार युनिट वीज फुकट. दर शनिवार-रविवार हेच, आणि ऑफिसात अशी दहा मशिन्स असतील तर? गुणाकार तुम्हीच करा.

लॅपटॉपचं तर त्याहून वाईट. शट डाऊन क्लिक केलं, झाकण लावलं, बॅगेत कोंबला आणि लोकल पकडली. आत तो अर्धवट जागाच! बॅगेत हवा नाही, पंख्याला जागा नाही. घरी पोहोचेपर्यंत भट्टी झालेली आणि सकाळी क्लायंटसमोर बॅटरी शून्य. म्हणून एक सवय आजच लावा. लाइट विझल्याशिवाय लॅपटॉप बॅगेत जाणार नाही. झाकण लावायची घाईही नको, कारण ती शेवटची ओळ झाकणाखालीच असते.

कापून ठेवा!

• अडकलं? आधी एस्केप दाबा, शेवटची ओळ वाचा, फोटो काढा.
• ‘स्टॉप जॉब’ दिसतंय: बटणाला हात नको. मर्यादा संपेपर्यंत थांबा. मग पंचनामा वाचून दोषी सर्व्हिस शोधा.
• सगळंच गोठलं: ऑल्ट आणि सिस आरक्यू धरून एस, यू, ओ. सावकाश.
• ‘पॉवरिंग ऑफ’वर थांबलं: यूएसबीच्या वस्तू काढा, ग्राफिक्स ड्रायव्हर बदला, जुनं कर्नल वापरून बघा.
• ‘रीबूट: पॉवर डाऊन’वर थांबलं: बटण खुशाल दाबा. नंतर ‘एसीपीआय=ऑफ’ शोधा, बायोस अपडेट बघा.
• ‘सिस्टिम हॉल्टेड’: कमांड बदला, ‘हॉल्ट’ऐवजी ‘पॉवरऑफ’.
• बंद होऊन पुन्हा सुरू: वेक ऑन लॅन बंद, ईआरपी चालू.
• ग्रबमध्ये एका वेळी एकच बदल करा, आधी एका खेपेपुरता. दोन बदल एकदम केलेत तर कशाने सुटलं ते कधीच कळणार नाही.

एवढं सगळं करून मशीन गपगुमान बंद झालं, तर तुमच्या त्या गीक मित्राला कटिंग चहा पाजा. आणि ही टीप त्यालाही सांगा. त्याच्याही मशीनचा पंखा रात्रभर घरघरत असण्याची शक्यता बरीच आहे!